आडवी ओळ

सकाळी आठच्या सुमाराला केंद्रप्रमुखाचा मोबाइल वाजायला लागतो. वर ‘अत्यंत तातडीचे’, खाली प्रपत्र, त्याखाली ‘आज दुपारी १२ पर्यंत विहित नमुन्यात माहिती सादर करावी, विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील’, आणि शेवटी हात जोडलेलं चित्र. मी तोच मेसेज मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर ढकलतो. फक्त १२ चे ११ करतो, कारण बेरीज करायला मलाही तासभर लागतो. जंतनाशक गोळी किती मुलांनी घेतली, झाडं किती लावली आणि त्यातली जगली किती, आधार जुळलेले किती, न जुळलेले किती. ज्या शाळेत सांगण्यासारखं काही नाही ती ‘निरंक’ लिहून मोकळी होते. दहा-बारा शाळांचे रकाने जोडून केंद्राचा तक्ता, केंद्रांचे जोडून तालुक्याचा, तालुक्यांचे जोडून जिल्ह्याचा. तिथून तो पुण्याकडे रवाना होतो. वर गेलेला तक्ता शाळेच्या काही कामाचं सांगायला परत खाली आलाय, असं माझ्या नोकरीत तरी घडलेलं नाही.

हे ऐकून कुणी समजेल की मला आकड्यांचं वावडं आहे. तसं नाही. शाळा हे मुळातच नोंदी ठेवायचं ठिकाण आहे. गावात ग्रामपंचायतीचं दप्तर वाळवीनं खाल्लं तरी शाळेचं जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात सांभाळलेलं असतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरं उघडली गेली. ज्यांनी ती बोरूनं लिहिली त्या मास्तरांना त्यांचा असा उपयोग होईल हे स्वप्नातही आलं नसेल. तेव्हा नोंद वाया जात नाही हे मला कबूल आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आम्ही सगळ्या नोंदी उभ्या वाचतो. रकान्याच्या तळाशी बेरीज करतो, सरासरी काढतो आणि वही मिटतो. मूल मात्र आडव्या ओळीत असतं. नावापासून सुरू करून बोट उजवीकडे सरकवत नेलं तरच ते दिसतं.

हजेरीपत्रकाचंच घ्या. महिन्याची सरासरी पंचाऐंशी टक्के निघाली की शाळा बरी चाललीय असं धरतात. पण पंचाऐंशी टक्के हजर राहणारं मूल वर्गात शोधून सापडत नाही. बहुतेक पोरं रोज येतात आणि चार-दोन पोरं मनाला येईल तेव्हा, या दोन्हींची मिळून ती सरासरी असते. आमच्या केंद्रातल्या एका शाळेत चौथीच्या बाईंनी एका मुलीची ओळ मला बोट ठेवून दाखवली. जून, जुलै, ऑगस्ट. गैरहजेरीच्या खुणा एकाखाली एक नव्हत्या, पण ठरावीक अंतरानं पडलेल्या होत्या. सगळे गुरुवार. गुरुवारी शेजारच्या गावचा बाजार. आई भाजी घेऊन बाजारात बसते आणि पोरगी घरी धाकट्या भावाला सांभाळते. बाईंनी घरी जाऊन सांगितलं, ‘गुरुवारी त्यालाबी संगट घेऊन यायचं.’ तेव्हापासून दर गुरुवारी एक अडीच-तीन वर्षांचं पोर चौथीच्या वर्गात मागच्या पट्टीवर बसून पाटीवर रेघोट्या ओढायचं. पटावर नसलेल्या त्या पोराची खिचडी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. ती कुणाच्या ताटातून निघाली हे मी विचारलं नाही.

आमचा भाग बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता निघतो. पश्चिम महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले कारखाने पेटले की इथल्या वस्त्या रिकाम्या होतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत तशाच. हजेरीपत्रकात नोव्हेंबरपासून ओळीच्या ओळी कोऱ्या. आजी-आजोबांपाशी राहिलेल्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालतं, आईबापांबरोबर गेलेल्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं. या दोन्ही सोयी चांगल्या आहेत, पण त्यांची आठवण गाडी भरताना होते. टायर गाडी दारात उभी राहिल्यावर आईबापांना पोराविषयी विचारून उपयोग नसतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, भांडी बांधलेली असतात. मग काही शाळांनी साधी गोष्ट केली. मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक ऑगस्टमध्येच काढायचं, कोऱ्या ओळींची नावं वेगळी लिहायची आणि गणपती-नवरात्राच्या दिवसांत त्या घरांत जाऊन बसायचं. आजी पोराला ठेवून घेईल का, घरात म्हातारं माणूस नसेल तर चुलत्याकडे सोय लागेल का, हे तेव्हा ठरतं. ज्या घरात जेमतेम चार भाकरीचं पीठ आहे तिथं गुरुजींनी बोलून फार काही होत नाही, हेही खरं. पण काही पोरं थांबली. कोणतं नवं प्रपत्र त्यासाठी भरावं लागलं नाही.

मूल्यमापनाच्या नोंदींची कथा जरा विनोदी आहे. शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना फार चांगली होती. एका परीक्षेवर मुलाचा निकाल लावू नका. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प अशा आठ साधनांनी वर्षभर बघत राहा, आणि काय दिसलं ते शब्दांत लिहा. पण चाळीस मुलं, सात-आठ विषय, दोन सत्रं, एवढ्या वर्णनात्मक नोंदी सुचणार कुठून? बाजारानं सोय केली. तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, पुढे त्याच पीडीएफ होऊन फिरायला लागल्या. ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभाग घेतो.’ ‘अक्षर सुंदर व वळणदार काढते.’ ‘गृहपाठ वेळेत पूर्ण करते.’ हे शेवटचं वाक्य मी एका अशा मुलीच्या नावापुढे वाचलं जी ते सत्र संपेपर्यंत कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत राहत होती.

त्याच काळात एका वयस्कर गुरुजींची टिपणवही माझ्या हाती लागली. पानं मागच्या वर्षीच्या वह्यांतून फाडून शिवलेली. अधिकृत नोंदवही त्यांचीही पुस्तिकेवरूनच उतरवलेली होती, ती तपासणीसाठी. ही वही त्यांच्या स्वतःसाठी होती. एका मुलापुढे लिहिलं होतं: ‘३ आणि ६ यांत घोळ. पाटीवर बरोबर काढतो, वहीत उलटं.’ दुसरीपुढे: ‘गोष्ट सांगताना शेवट आधी सांगून टाकते, मग हसते.’ तिसऱ्यापुढे नुसतं: ‘डोळे तपासणे.’ फळ्यावरचं उतरवताना हा मुलगा शेजाऱ्याच्या वहीत बघायचा. तो कॉपी करत नाही, त्याला फळा दिसत नाही, हे त्या माणसाच्या लक्षात आलं होतं. शाळेतल्या माहितीवर मी जी काही प्रशिक्षणं घेतली, त्यांतल्या एकाही पीपीटीत इतकं कामाचं काही आलेलं नाही.

माझ्या स्वतःच्या कामाला वळण मिळालं ते वजाबाकीनं. केंद्रात दर महिन्याला शिक्षण परिषद होते. प्रथेप्रमाणे तिच्यात चाचणीचे तक्ते वाचायचे, कोणत्या शाळेचे किती टक्के ते सांगायचं, कमी असलेल्यांनी मान खाली घालायची आणि चहा प्यायचा. एका महिन्यात मी सांगितलं, तक्ते राहू देत, तिसरीच्या गणिताचे पेपर घेऊन या. सतरंजीवर ते पसरले आणि आम्ही एकाच प्रश्नाकडे बघायला लागलो: ५२ − ३७.

पंधरा हे उत्तर बऱ्याच जणांचं होतं. पण चुकलेल्यांत ‘२५’ इतक्यांदा आलं की तो योगायोग नव्हता. पुढचा प्रश्न ४० − १६ होता. ज्यांचं आधी २५ आलं होतं, त्यांचं इथं ३६ आलं होतं. एका बाईंनी बोटानं वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘सर, ही पोरं प्रत्येक घरात मोठ्यातनं लहान काढतायत.’ बरोबर. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, पाच. पाचातून तीन गेले, दोन. शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहातून शून्य. या मुलांपाशी नियम आहे आणि तो ती इमानानं पाळतात. नियमच चुकीचा आहे. दुसरा एक मुलगा ५२ − ३७ अगदी बरोबर करत होता, पण ४० − १६ चं उत्तर त्यानं ३० लिहिलं होतं. त्याला बाईंनी दुसऱ्या दिवशी जवळ बसवून विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘शून्यात हायच काय काढायला?’ म्हणून खाली शून्य. हातचा घेणं त्याला येत होतं. शून्य आलं की त्याला तो सुचत नव्हता. आणि तिसऱ्या एका मुलीनं दोन्ही उदाहरणं कोरी सोडली होती.

त्या चाळीस वजा सोळापुढे गुणतक्त्यात तिघांनाही शून्य. टक्केवारीत तिघंही सारखेच. पण २५ लिहिणारीला काड्यांचे गठ्ठे हवेत, दशकाचं रबर सोडून दहा सुट्या काड्या तिच्या हातात पडायला हव्यात. दुसऱ्याला गठ्ठ्यांची गरज नाही, त्याच्याशी शून्याबद्दल बोलायला हवं. तिसरीला वजाबाकीपर्यंत यायलाच अजून वेळ आहे. तिला दोन अंकी संख्या वाचता येते का, इथून सुरुवात. ‘वजाबाकीवर उपचारात्मक अध्यापन घ्यावे’ असा शेरा तिघांवर सारखाच मारला तर तिघांचंही नुकसान.

एका शाळेच्या पेपरांत निम्म्या वर्गाचं उत्तर ८९ होतं. म्हणजे सगळ्यांनी बेरीज केली होती. गुरुजी खजील झाले, म्हणाले, चिन्ह नीट बघत नाहीत पोरं. पेपर हातात घेऊन पाहिला तर झेरॉक्सची झेरॉक्स काढताना वजाबाकीची रेघ पुसट होऊन गेली होती. काही प्रतींत ती दिसतच नव्हती. जिथं रेघ उमटली होती तिथल्या पोरांनी वजाबाकी केली होती. मुलांनी दिलेलं होतं तेच सोडवलं आणि शाळा ‘वजाबाकीत मागे’ ठरली. तक्त्यात हे कसं कळणार?

गठ्ठ्यांचं काम सोपं मात्र नाही. जिचं उत्तर २५ यायचं ती मुलगी रबर सोडून काड्या मोजताना पंधरा म्हणायची आणि लगेच वहीत २५ लिहायची. दोन्ही समोरासमोर ठेवून बाई विचारायच्या, ‘खरं कुठलं?’ ती वहीकडे बोट दाखवायची. वहीतलं ते खरं, काड्या म्हणजे खेळ, असं तिचं पक्कं मत. दिवाळीच्या आधी कधीतरी ते सुटलं. गठ्ठ्यावर जमतं पण वहीत जमत नाही, असा रकाना मी कुठल्याच प्रपत्रात पाहिलेला नाही.

मग आम्हाला चुका वाचायची चटकच लागली. दुसरीला संख्यांचं श्रुतलेखन घ्यायचं आणि काय लिहिलं ते बघायचं. ‘त्रेपन्न’ म्हटलं की काही पोरं ३५ लिहितात, कारण कानावर आधी तीन येतात. ‘एकोणसाठ’ म्हटलं की ६९, ‘एकोणतीस’ म्हटलं की ३९. साठ ऐकू आले, नऊ आहेत हे माहीत आहे, मग ६९ च ना! त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशीही वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. वर्तमानपत्रांत अग्रलेख, मोबाइलवर विनोद, विषय विधानसभेत पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना त्याबद्दल किती ऐकून घ्यावं लागलं. मराठी बुडाली म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीतल्या वीस पोरांच्या पाट्या बघितल्या होत्या, असं मला तेव्हाही वाटायचं. आमच्या सतरंजीवरच्या पेपरांत तीच चूक वर्षानुवर्षं लिहिलेली होती. एकोणसाठ जाऊ नये हे मलाही मान्य. आजी एकोणसाठच म्हणते, दुकानदारही तेच म्हणतो. आमच्या शाळांत दोन्ही चालतं: आधी पन्नास नऊ, मग तेच एकोणसाठ.

वाचनाच्या बाबतीत आम्हाला उपयोगी पडला तो ‘असर’चा कागद. ‘प्रथम’ ही संस्था १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत उभी राहिली आणि २००५ पासून तिच्या पुढाकारानं ‘असर’ची पाहणी सुरू झाली. त्या अहवालाच्या बातम्या आल्या की शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण पाचवीतल्या मुलांना दुसरीचं वाचता येत नाही असे मथळे येतात. पण मथळा बाजूला ठेवून ते साधन बघा. एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला एकट्याला समोर बसवायचं आणि वाच म्हणायचं. पाच मिनिटांत कळतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते आईबापांनाही कळतं. ‘श्रेणी ब-२’ म्हणजे काय हे ऊस तोडून आलेल्या माणसाला कोण समजावणार? पण आपलं पोर शब्दापाशी अडखळलं, हे त्याला समोर दिसतं.

पुढचं पाऊल म्हणजे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ नावानं वस्तीतल्या मुलींनी मागे पडलेल्या मुलांना वेगळं घेऊन शिकवलं. त्याचा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये दोघांनाही मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या द्विशिक्षकी शाळांना पातळीचे गट अवघड गेले नाहीत, कारण तिथं चार इयत्ता दोन खोल्यांत एकत्रच बसतात. शहरातल्या मोठ्या शाळेत तिसरी ‘अ’चं मूल तासाभरासाठी दुसरीत नेऊन बसवायचं म्हणजे मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांची समजूत काढावी लागते.

एक गोष्ट मात्र मी सगळीकडे बंद केली. पातळ्यांचा तक्ता भिंतीवर लावायची टूम निघाली होती. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा घरांत मुलांची नावं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक वडील त्या तक्त्यापुढे उभे राहून पोराचं नाव शोधत होते. ते ‘अक्षर’च्या घरात सापडलं तेव्हा त्यांनी मागं वळून बाकीच्यांकडे पाहिलं आणि बैठकीला न थांबताच ते निघून गेले. नावांची माहिती बाईंच्या टेबलाच्या खणात राहावी. भिंतीवर फार तर किती मुलं कुठं आहेत एवढं असावं. माझं मत विचाराल तर तेही नको.

लाज वाटायला लागली की माहिती खोटी होते, हे शिक्षकांनाही लागू आहे. चुकांचे पेपर पसरून बघायची गंमत टिकली, कारण त्यातून कुणाचं काही वाकडं झालं नाही. एका वर्षी तेच पेपर बघून शाळांचा क्रम लावायचं घाटलं. त्या महिन्यात सगळीकडून एकही ‘२५’ आला नाही. अख्ख्या वर्गांचं उत्तर पंधरा, तेही एकाच हाताच्या वळणाचं. मी कुणाला बोललो नाही. बोलून त्यांनी ऐकलं असतं, असंही नाही. हे काही आपल्याच मातीतलं नाही. अमेरिकेत अटलांटा शहराच्या शाळांत गुणांवर नोकऱ्या आणि बक्षिसं अवलंबून होती, तेव्हा शिक्षकांनीच उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या. २०११ मध्ये बाहेर आलेल्या चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ जणांची नावं होती, आणि पुढे काहींना शिक्षा झाल्या. तिथं तर पैसा, यंत्रणा, सगळं होतं.

राष्ट्रीय पाहण्यांचा मार्ग वेगळा. २०१७, २०२१ आणि मग डिसेंबर २०२४ मधली ‘परख’, या निवडक शाळांतल्या निवडक मुलांच्या चाचण्या. राज्यानं, जिल्ह्यानं स्वतःकडे बघावं म्हणून त्या असतात, आणि त्या कामाला त्या चांगल्या आहेत. गंमत अशी की निकाल आला की मला विचारतात, ‘आपलं केंद्र कितवं?’ आपल्या केंद्रातली एखादी शाळा निवडीत आली असेल किंवा नसेलही, हे सांगितलं तर विचारणाऱ्याला ते उत्तर टाळल्यासारखं वाटतं.

आता ‘निपुण’ची धावपळ आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं करता यावीत, आणि हे २०२६-२७ पर्यंत व्हावं, असं उद्दिष्ट. उद्दिष्टाबद्दल माझं काही म्हणणं नाही. इतकं नेमकं आणि गरजेचं उद्दिष्ट याआधी क्वचितच ठरलं असेल. अडचण वेळेची आहे. एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावायचं तर वेळ लागतो, आणि बाई दोन असतात, इयत्ता चार. मध्येच निवडणुकीचं काम, कधी मतदार यादी, कधी खिचडीचा हिशेब.

डोंगरावरच्या एका वस्तीशाळेतल्या बाईंनी यावर तोडगा काढलाय. परिपाठ झाला की त्या रोज तीन मुलांना ओट्यावर बोलावतात; बाकीची पोरं तोवर अंगण झाडतात, कुंड्यांना पाणी घालतात. तिघांचं वाचन ऐकून त्या वहीत एकेक ओळ लिहितात. पंधरवड्यात पट पुरा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. दर महिन्याला मी ती वही बघतो. एकाच मुलापुढे चार ओळी: ‘जोडाक्षर आलं की थांबतो.’ ‘थांबतो, पण तोडून म्हणतो.’ ‘रफार चुकला, बाकी नीट.’ ‘आज गोष्ट वाचली, पुढची मागितली.’

त्यांची ऑनलाइन माहिती मात्र कायम शेवटी येते, कारण शाळेत रेंज नाही आणि त्या दुपारच्या सुट्टीत टेकडीवर चढून फॉर्म भरतात. यादीत त्यांच्या शाळेसमोर लाल रंग दिसला की वरून मला फोन येतो. मी सांगतो, अर्ध्या तासात होईल. आणि मग त्यांच्या वतीनं जे रकाने भरता येतील ते मीच भरून टाकतो. झाडं, नखं, जंतनाशक. बहुतेक ठिकाणी निरंक.